शाहीर साबळे : जात्यावरच्या ओवीपासून तिकीटबारीपर्यंत

कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ रोजी सातारा जिल्ह्यातील पसरणी येथे झाला. वाईहून पाचगणीकडे जाणारा घाट जिथे चढायला लागतो, त्याच्या पायथ्याशी हे गाव आहे. वडील गणपतराव माळकरी होते आणि भजनात रमणारे होते. घरातल्या बायकांच्या तोंडी जात्यावरच्या ओव्या होत्या. पुढे ‘शाहीर साबळे’ या नावाने अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक झालेल्या या कलावंताची पहिली तालीम ती एवढीच. हार्मोनियम घेऊन बसलेला कोणी गुरू त्यात नव्हता. मुलाच्या हाती बासरी होती आणि कानावर पहाटेपासून रात्रीपर्यंत गाणे होते.

गाणाऱ्या घरात जन्मणे म्हणजे गाण्यावर पोट असलेल्या घरात जन्मणे नव्हे. महाराष्ट्रातल्या लोकसंगीताची बरीच घराणी दुसऱ्या प्रकारची आहेत. नारायणगावकरांच्या घरात तमाशाचा फड विठाबाईंचे आजोबा नारायण खुडे यांच्यापासून चालत आला. भाऊ-बापूंनी तो वाढवला आणि विठाबाईंच्या पायी तो कळसाला गेला. तिथे मूल चालू लागते ते ढोलकीच्या तालावरच. पसरणीच्या साबळ्यांकडे गाणे होते ते देवाचे आणि कामाचे. कोणी त्याचे पैसे मागितले नव्हते, कोणी दिले नव्हते. असले गाणे चार पैसे मोजून आलेल्या शहरी प्रेक्षकासमोर उभे करायचे, तेही त्याची माती न झटकता, हा साबळ्यांच्या पन्नासएक वर्षांच्या कारकिर्दीचा खरा उद्योग म्हणता येईल.

गावातले शिक्षण संपल्यावर त्यांना जळगाव जिल्ह्यातील अमळनेरला आजीकडे पाठवण्यात आले. आजीला नातवाचा गाण्याचा नाद पसंत नव्हता. मुलगा शिकून शहाणा व्हावा, गाण्याबजावण्यात वाया जाऊ नये, ही त्या काळच्या कुठल्याही शेतकरी घरातली इच्छा तिचीही होती. घडले उलटेच. शाळा सातवीच्या आसपास सुटली, गाणे मात्र सुटले नाही. अमळनेर हे साने गुरुजींचे गाव. प्रताप हायस्कूलमधली शिक्षकाची नोकरी गुरुजींनी १९३० मध्येच सोडली होती, तरी खानदेशाशी त्यांचा संबंध कायम होता. साबळे त्यांच्या सहवासात आले आणि स्वातंत्र्य चळवळीच्या प्रचारात गाऊ लागले. पुढे अस्पृश्यता निवारणाच्या कामातही गुरुजींच्या सभांना हा आवाज मिळाला. १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, त्याआधी काही महिने त्यांनी महाराष्ट्र पिंजून काढला होता. साबळ्यांनी स्वतःच्या गावातही हे करून दाखवले. पसरणीच्या भैरवनाथ मंदिरात दलितांचा प्रवेश घडवून आणण्यात त्यांचा पुढाकार होता. परक्या गावच्या सभेत समतेचे गाणे गाणे सोपे असते, आपल्याच भावकीसमोर ते करून दाखवणे अवघड.

साबळ्यांच्या डोळ्यांसमोर शाहिरीचा जो नमुना होता तो शाहीर शंकरराव निकमांचा. पोवाडा ही कला मराठीत किमान शिवकाळापासूनची. अफजलखान वधावरचा अगीनदासाचा पोवाडा आणि तानाजीवरचा तुळशीदासाचा पोवाडा हे तिचे जुने ठेवे मानले जातात. पेशवाईत रामजोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ यांनी पोवाड्याच्या जोडीला लावणी फुलवली. पोवाड्याची बांधणी वरवर साधी दिसते. शाहीर डफावर थाप मारून नमन करतो, मग वर्णनाची कडवी गातो, प्रसंग रंगात आला की गाणे थांबवून गद्यात बोलतो आणि बोलता बोलता पुन्हा सुरात शिरतो. मागे उभे असलेले झीलकरी ध्रुपद उचलून धरतात, तेवढ्या वेळात शाहिराला दम घेता येतो. तुणतुण्याची एकच तार सगळ्यांना सुरात बांधून ठेवते. ध्वनिक्षेपकाच्या आधीच्या काळात शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा तर आवाज टिपेचा हवा आणि उच्चार स्वच्छ हवा. साबळ्यांच्या आवाजात दोन्ही होते. त्यांचा आवाज पहाडी होता हे सगळेच सांगतात. पण जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकताना जास्त लक्षात राहते ती त्यांची बोलकी शब्दफेक, सुरातसुद्धा माणूस समोर बसून बोलतो आहे असे वाटायला लावणारी.

स्वातंत्र्यानंतर मुंबई हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोड या पट्ट्यातल्या चाळींत घाटावरचे आणि कोकणातले गिरणी कामगार दाटीवाटीने राहत होते. गणेशोत्सव, नवरात्र, सत्यनारायणाची पूजा, युनियनची सभा अशा कुठल्याही निमित्ताने रात्री पटांगणात मंडप पडे. शाहिरांची तेव्हाची दोन मोठी कुळे राजकीय होती. कम्युनिस्ट पक्षाच्या लाल बावटा कलापथकात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वसंत बापट, लीलाधर हेगडे अशी समाजवादी मंडळी होती आणि त्यांच्यासाठी पु. ल. देशपांड्यांनी ‘पुढारी पाहिजे’सारखे लोकनाट्य लिहिले. साबळे मनाने दुसऱ्या कुळाच्या जवळचे. पण त्यांनी पक्षाच्या किंवा संघटनेच्या पथकात कायमचे राहण्याऐवजी स्वतःची मंडळी उभी केली. ‘शाहीर साबळे आणि पार्टी’ हे नाव इथून चालू झाले. आश्रयदाता नाही म्हटल्यावर कार्यक्रमाच्या सुपारीवर आणि तिकिटावर संसार चालवणे आले. त्यांच्या कलेला पुढे जे वळण लागले त्याचे अर्धे कारण या व्यवहारात आहे.

या पार्टीचे शब्दांचे कोठार घरातच होते. पहिल्या पत्नी भानुमती साबळे कवयित्री होत्या आणि साबळ्यांनी गायलेल्या अनेक गीतांचे शब्द त्यांचे आहेत. शाहीर म्हटला की शब्दही त्याचेच, अशी आपल्याकडे समजूत असते. साबळे स्वतः लिहीत होतेच, मुक्तनाट्ये तर त्यांनी लिहिलीही, बसवलीही आणि त्यांत कामेही केली. पण त्यांच्या सुरुवातीच्या गाण्यांचे श्रेय नवऱ्याच्या नावाखाली झाकले गेलेल्या एका बाईचेही आहे, हे सांगायलाच हवे. ‘आणि पार्टी’ या दोन शब्दांत पुष्कळ माणसे मावतात.

एच.एम.व्ही.च्या ध्वनिमुद्रिकांनी हा आवाज मांडवाबाहेर नेला. त्या काळची ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजे. रात्रभर चालणारा पोवाडा दोन बाजूंच्या सहा-सात मिनिटांत बसवायचा म्हणजे गद्य निवेदन छाटायचे, कडवी कमी करायची आणि नमन दोन ओळींत उरकायचे. शाहिराला ही काटछाट जिवावर येणारी असली, तरी तिचा एक फायदा झाला. पाल्हाळ गेला, ठसका राहिला. ‘आधुनिक मानवाची कहाणी’सारखा पोवाडा यातूनच घरोघरी पोचला. इतिहासातल्या वीराऐवजी आजचा माणूस पोवाड्याचा विषय झाला होता. एकनाथांचे ‘विंचू चावला’ हे भारूडही कीर्तनात न जाणाऱ्या अनेकांनी पहिल्यांदा साबळ्यांच्याच तोंडून ऐकले.

साबळ्यांची सर्वांत मोलाची कामगिरी मात्र पोवाड्यात नसून मुक्तनाट्यात आहे. ‘इंद्राच्या दरबारात तमासगीर’ हे प्रहसन त्यांनी आधी केले होते. १९६० च्या जानेवारीत ‘यमराज्यात एक रात्र’ रंगमंचावर आले आणि मराठीतले पहिले मुक्तनाट्य म्हणून त्याची नोंद झाली. हे मुक्तनाट्य म्हणजे काय, हे समजायला तमाशाची चौकट डोळ्यांपुढे आणावी लागते. तमाशात आधी गण, मग गौळण, मग बतावणी आणि शेवटी वग असा क्रम असतो. वगाची गोष्ट ठरलेली असते, संवाद मात्र बरेचसे त्या त्या वेळी सुचतील तसे बोलले जातात. सोंगाड्या हा त्यातला मोकळा प्राणी. राजाला टोमणा मारणे, प्रेक्षकांशी बोलणे, गावच्या पाटलाची फिरकी घेणे, सगळे त्याला माफ. साबळ्यांनी हा सोंगाड्या आणि ही बतावणी उचलली, गाणी आणि ढोलकी ठेवली. गौळणीतली शृंगारिक छेडछाड आणि नाचणारीभोवतीची शिट्ट्यांची गर्दी मात्र बाजूला सारली. घरातल्या बायकामुलांना घेऊन पाहता येईल असा खेळ त्यांना हवा होता. दिवाणखाना, पलंग, खिडकी असला नेपथ्याचा पसाराही टाकून दिला. एक पडदा, चार माणसे आणि वाद्ये असली की जागा कुठलीही बदलता येते. दोन पावले टाकली की पृथ्वीवरून यमलोक.

इंद्राचा दरबार, यमाचे राज्य ही युक्ती जुनी आहे आणि बेरकी आहे. पुराणातल्या देवांना कोणी अब्रूनुकसानीची नोटीस पाठवत नाही. चित्रगुप्ताच्या चोपड्यात महागाई, लाचलुचपत, पुढाऱ्यांच्या थापा असे काहीही निघू शकते आणि सकाळच्या वर्तमानपत्रातली बातमी रात्रीच्या प्रयोगात घुसवता येते. संगीत नाटकाच्या किंवा तीन अंकी सामाजिक नाटकाच्या बांधीव संहितेला हे जमत नाही. पुढे ‘आबुराव लागला’, ‘मीच तो बादशहा’, ‘असुनी खास मालक घरचा’, ‘कोंडू हवालदार’ अशी मुक्तनाट्ये आली. राजा मयेकर आणि सुहास भालेकर यांच्यासारखे नट या खेळांतून नावारूपाला आले. मयेकर मूळचे दशावतारात वाढलेले. घाटावरच्या बतावणीत कोकणातल्या दशावतारी नटाचा हजरजबाबीपणा शिरला, ही मुक्तनाट्याची एक न सांगितली गेलेली गंमत आहे. १९६५ साली वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ आणि त्यातले दादा कोंडके यांनी लोकनाट्याला अफाट लोकप्रियता दिली, त्यामुळे आज या प्रकाराचे नाव काढले की लोकांना तेच आठवते. त्याआधी पाच वर्षे रस्ता मळलेला होता.

‘आंधळं दळतंय’ १९६६ चे. म्हणीतले पुढचे कुत्रे आणि त्याने खाल्लेले पीठ नावात नाही, ते प्रेक्षकाने मनात पुरे करायचे. मुंबईत घाम गाळणारा मराठी माणूस आणि त्याच्या हातून निसटत चाललेले शहर हा त्याचा विषय. बाळ ठाकऱ्यांचे ‘मार्मिक’ १९६० पासून हेच गाऱ्हाणे मांडत होते आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. त्या दिवसांच्या वातावरणनिर्मितीत या मुक्तनाट्याच्या प्रयोगांचाही वाटा होता, असे मानले जाते. साने गुरुजींच्या मुशीतून निघालेला शाहीर आणि प्रादेशिक अस्मितेचा कैवार घेणारा हा खेळ, यांत विसंगती दिसते. पण साबळ्यांचा प्रेक्षक गिरणगावातला होता आणि त्याच्या पोटात जे खदखदत होते तेच त्यांनी रंगमंचावर मांडले. शाहिराने लोकांच्या पुढे किती चालावे आणि मागे किती, हा प्रश्न तिथे उरतोच.

ज्या गाण्याने साबळ्यांचे नाव अजरामर झाले, त्याचे शब्दही त्यांचे नाहीत आणि चालही नाही. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत मूळचे नागपूरचे कवी राजा बढे यांनी लिहिले आणि श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केले. खळ्यांची ओळख हळुवार, वळणदार भावगीतांची. शब्द आणि सुरावट भावगीताच्या मुलखातून आलेली, आवाज मात्र मोकळ्या मैदानातला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, त्या वेळच्या सोहळ्यापासून हे गीत राज्याशी जोडले गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख आणि अण्णाभाऊंनी जिवाचे रान केले होते, पण राज्याचे गाणे झाले ते साबळ्यांच्या गळ्यातले. त्यांच्या स्वतःच्या रचना या एका गाण्याच्या सावलीत गेल्या, हे मान्य करावे लागते.

चढत्या काळात त्यांनी फिरत्या नाट्यगृहाचाही प्रयोग केला. शहराबाहेर नाट्यगृहे नाहीत, तर नाट्यगृहच गावोगाव न्यावे, असा तो विचार. कल्पना रास्त होती, पण असा डोलारा गावोगाव हलवायचा म्हणजे खर्च थोडा नव्हे. ही योजना फार काळ टिकली नाही.

त्यानंतरचा मोठा टप्पा ‘महाराष्ट्राची लोकधारा’ हा. एव्हाना गावातले चित्र बदलत चालले होते. वासुदेव दारी यायचा थांबला होता, गोंधळी-वाघ्यांची मुले नोकरीधंद्याला लागली होती, पिठाच्या गिरणीने जात्याचा आवाज बंद केला होता. पसरणीत लहानपणी जे फुकट कानावर पडले ते आता शोधून आणावे लागणार होते. साबळ्यांनी वासुदेव, गोंधळ, जागरण, भारूड, लावणी, धनगरी नाच, मंगळागौर, कोळीनृत्य, बाल्यानाच असे प्रकार एका सूत्रात ओवून दोन-अडीच तासांचा कार्यक्रम उभा केला.

या कामात काय काय करावे लागते ते रायगडच्या किनाऱ्यावरच्या उदाहरणावरून कळते. दिवेआगर, भरडखोल, श्रीवर्धन या पट्ट्यात आणि खाली रत्नागिरीपर्यंत गणपतीच्या दिवसांत जाखडी म्हणजेच बाल्यानाच रंगतो. मध्ये मृदंग आणि गाणारे, भोवती पायात घुंगरू बांधलेल्या नाचणाऱ्यांचे रिंगण. सगळ्यांची तोंडे आत, गाणाऱ्याकडे. बघणारे अंगणात चारी बाजूंना उभे. सवाल-जवाबाचा शक्ती-तुरा असेल तर उजाडेपर्यंत उठायचे नाव नाही. हा नाच नाट्यगृहात आणला की प्रेक्षक एकाच बाजूला असतो, त्यामुळे रिंगण उघडून अर्धे करावे लागते, नाहीतर पुढच्या रांगेला नुसत्या पाठी दिसतात. रात्रभराचा खेळ सात-आठ मिनिटांत बसवायचा, तर चाल संथ लयीत सुरू होऊन हळूहळू चढायला जो वेळ लागतो तो मिळत नाही. कोळीवाड्यातल्या लग्नात धवलारीण जी गाणी म्हणते ती विधीची गाणी असतात. त्यांना क्रम असतो आणि त्या त्या वेळीच ती म्हणायची असतात. रंगमंचावर विधी वगळून नाच आणि ठेका तेवढा येतो. ‘या गो दांड्यावरून’सारखे कोळीगीत साबळ्यांच्या पार्टीने राज्यभर नेले ते अशाच रूपात.

यावर अभ्यासकांचा आक्षेप असतो, आणि तो खोटा नाही. लोककलेचे असे तुकडे जोडले की देव, ऋतू आणि जातगट यांच्याशी असलेली तिची नाळ तुटते, आणि पुढच्या पिढीला तो तुकडाच अस्सल वाटू लागतो. आज शाळांच्या स्नेहसंमेलनात दिसणारी कोळीनृत्ये, त्यातले एकसारखे रुमाल आणि वल्ही, ही याच वाटेने आलेली. पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. विदर्भातल्या माणसाला जाखडी आणि कोकणातल्याला जागरण बसल्या जागी दाखवणारे दुसरे साधन त्या वेळी फारसे नव्हते. साबळे हे संग्राहक किंवा संशोधक नव्हते, कार्यक्रम करणारे कलावंत होते. त्यांच्या कामाचे माप त्याच हिशेबाने घ्यायला हवे.

लोकधारेने आणखी एक गोष्ट केली. तिने नट घडवले. भरत जाधव १९८५ मध्ये लोकधारेतून रंगमंचावर आला. केदार शिंदे, अंकुश चौधरी, संतोष पवार यांचीही सुरुवात तिथली. मागच्या रांगेत नाचणे, झील धरणे, दोन प्रवेशांच्या मध्ये कपडे बदलून दुसरे सोंग घेऊन येणे, प्रयोग संपल्यावर सामान गाडीत चढवणे, हे सगळे त्यांनी तिथे केले. १९९० नंतरच्या मराठी विनोदी रंगभूमीची झटपट सोंग बदलण्याची शैली पाहिली की तिचे मूळ लक्षात येते. केदार शिंदे यांच्या २००२ च्या ‘सही रे सही’मध्ये भरत जाधव डोळ्याचे पाते लवते न लवते तोच एका भूमिकेतून दुसऱ्या भूमिकेत जातो. अशा चपळाईचा सराव लोकधारेत रोजचाच.

घरातली पुढची पिढी गाण्याच्या वाटेनेच गेली, पण वडिलांच्या पावलावर पाऊल ठेवून नाही. मुलगा देवदत्त साबळे संगीतकार झाला. ‘ही चाल तुरुतुरु’ आणि ‘मनाच्या धुंदीत’ ही शांताराम नांदगावकरांची गीते त्याने स्वरबद्ध केली आणि जयवंत कुलकर्ण्यांनी गायली. डफ-तुणतुण्याच्या घरातून आलेल्या या चाली थेट शहरी, तरुण, पाश्चात्त्य ठेक्याच्या आहेत. शाहिराच्या मुलाने पोवाडाच गायला पाहिजे असा हट्ट त्या घरात नव्हता, असा त्याचा अर्थ लावायला हरकत नाही. मुलगी चारुशीला साबळे-वाच्छानी अभिनेत्री आणि नर्तिका. केदार शिंदे हा साबळ्यांचा मुलीकडून नातू. विठ्ठल उमपांच्या घरात नंदेश आणि संदेश यांनी लोकगायनाचा वारसा बराचसा त्याच रूपात चालवला, प्रल्हाद शिंद्यांच्या घरात आनंद, मिलिंद आणि पुढे आदर्श यांनी गळा चालवला. साबळ्यांच्या घरात गळ्यापेक्षा रंगमंच पुढे गेला.

मानसन्मान उशिरा आले, पण आले. १९८४ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९९० मध्ये अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे अध्यक्षपद, १९९८ मध्ये पद्मश्री. यांतले अध्यक्षपद अधिक बोलके आहे, कारण मांडवातल्या खेळाला नाटक म्हणायचे की नाही यावर ज्यांनी नाके मुरडली होती, त्याच नाट्यसृष्टीचे ते व्यासपीठ होते. शाहिरांच्या संघटनेतही त्यांनी पुढाकार घेतला. शाहीर साबळे प्रतिष्ठानच्या माध्यमातून पसरणीला वृद्ध आणि गरजू कलावंतांसाठी तपस्याश्रम उभारला. फड मोडला की लोककलावंताच्या हाती काहीच उरत नाही, ना पेन्शन ना फंड, हे त्यांनी जवळून पाहिले होते. ‘माझा पवाडा’ हे त्यांचे आत्मचरित्र. २० मार्च २०१५ रोजी मुंबईत, वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

२०२३ हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष. राज्य मंत्रिमंडळाने ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीतातली दोन कडवी राज्यगीत म्हणून स्वीकारली आणि १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या दिवशी, तो निर्णय अमलात आला. २८ एप्रिलला केदार शिंदे दिग्दर्शित ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. संगीत अजय-अतुल यांचे. साबळ्यांची भूमिका लोकधारेत वाढलेल्या अंकुश चौधरीने केली आणि भानुमतींची भूमिका केदार यांची मुलगी सना शिंदे हिने, म्हणजे पडद्यावर पणतीने पणजीचे काम केले. भानुमतींचे नाव नव्या पिढीतल्या बऱ्याच प्रेक्षकांनी पहिल्यांदा ऐकले ते या चित्रपटामुळे.